वर्तुळ मोडू नका

प्रति,
मराठी वाहिन्यांवरील नृत्यस्पर्धांचे निर्माते, नृत्यदिग्दर्शक आणि परीक्षक यांस,

स. न. वि. वि.

आम्ही तुमचे कार्यक्रम पहिल्या फेरीपासून महाअंतिम फेरीपर्यंत पाहणारी माणसं आहोत. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर राहतो. आमच्यातले काही नाचतात, काही ढोलकी-पखवाज वाजवतात, काही नुसते पाहतात. पण पाहतात ते डोळ्यांत तेल घालून. प्रत्येक पर्वात एक तरी ‘कोकण स्पेशल’ भाग होतो. त्यात जाखडी, कोळीनृत्य, दशावतार, शिमगा आणि फुगडी यांतलं काहीतरी असतंच. त्या सादरीकरणांबद्दल हे पत्र आहे. मुलं मेहनती असतात, त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. नाच बसवताना आणि त्याला गुण देताना काय निसटतं, ते सांगायचं आहे.

आधी तुमच्या डोळ्यांबद्दल, कारण ते तयार डोळे आहेत. लिफ्टमधून, म्हणजे जोडीदाराने उचलल्यावर, खाली उतरताना मुलीचा घोटा जरासा डगमगला तरी तुम्ही टिपता. पॉपिंगमध्ये छातीचा झटका ठेक्याच्या आत बसला की मागे राहिला, ते सांगता. कंटेम्पररीत पायाचा अंगठा ताणलेला नसला तर गुण कापता. १९९६ साली ‘बूगी वूगी’ सुरू झालं तेव्हापासून लॉकिंग, टटिंग, क्रम्प हे शब्द गावागावांतल्या पोरांच्या तोंडी बसले, ते अशाच कार्यक्रमांमुळे. मात्र जाखडी संपली की याच खुर्च्यांमधून ‘काय एनर्जी, काय माहोल’ एवढंच ऐकू येतं. कुणाचा पाय चुकला, कुणी वर्तुळ सैल सोडलं, चाल बदलली तेव्हा कोण अर्धी मात्रा उशिरा वळलं, यावर कुणी बोलत नाही. चुकीला नाव नसेल तर चांगल्यालाही नाव मिळत नाही. म्हणून ती नावं आम्ही लिहून देत आहोत.

जाखडीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिचं होतं. रत्नागिरीकडे गौरी-गणपतीत अंगणात होणारा हा नाच. कुणी त्याला बाल्या नाच म्हणतं, आणि दोन पक्षांचा सामना असला की शक्ती-तुरा. मध्ये गायक, ढोलकी किंवा मृदंग, झांज आणि झील, म्हणजे मागून गाण्याची साथ, धरणारे. त्यांच्याभोवती आठ-दहा नाचणाऱ्यांचं कडं. हे कडं म्हणजे नाचाचं यंत्र आहे. प्रत्येक नाचणारा समोरच्याला पाहून पाय टाकतो आणि मधल्या थापेपासून सगळे सारख्याच अंतरावर असतात. त्यामुळे कुणाला मोजावं लागत नाही. टीव्हीवर पहिल्या अर्ध्या मिनिटात हे कडं फोडून त्याची सरळ रांग किंवा बाण केला जातो. कारण उघड आहे: परीक्षक समोर बसतात, मुख्य कॅमेरा समोर असतो आणि कड्यातल्या निम्म्या मुलांच्या पाठीच दिसतात. पण रांग केली की मुलांना एकमेकांचे पाय दिसत नाहीत. मग ती मनात आकडे मोजू लागतात आणि आकडे मोजणारा पाय कधीच जाखडीचा वाटत नाही. तो कवायतीचा वाटतो.

रंगमंचावरच्या सामन्यांत वादक मागे किंवा बाजूला बसतात, हे आम्हालाही माहीत आहे. तिथेही नाचणारे पुन्हा पुन्हा गोलात परततात. तुमच्याकडे तर क्रेनवरचा कॅमेरा आहे. तो वर न्या आणि निदान पहिलं कडवं वरूनच दाखवा. दुसरा कॅमेरा जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवा, पाय तिथून दिसतात. गायक-ढोलकीवाल्यांना मधोमध वीतभर उंच चौथऱ्यावर बसवलंत तर समोरच्या खुर्चीतूनही मधलं केंद्र दिसत राहतं आणि कडं फोडायचं कारण उरत नाही.

आता चाळ, म्हणजे पायात बांधायची घुंगरांची माळ. बहुतेक मंडळांत चाळ एकाच पायात बांधतात. टीव्हीवर दोन्ही पायांत घुंगरू दिसतात, बहुधा वेशभूषा विभाग जोडीने देतो म्हणून. यात वरवर बिघडत काही नाही, पण नाचाचा कणा जातो. एका पायात चाळ असली की एक पाऊल वाजतं, पुढचं मुकं राहतं. वाजलेल्या आणि मुक्या पावलांच्या या अदलाबदलीतूनच जाखडीचा ठेका ऐकू येतो. आठ जणांचे आठ वाजते पाय एकाच क्षणी जमिनीवर आले की एक घट्ट झणत्कार होतो, आणि एक जरी मागे राहिला तरी तो फाटतो. दोन्ही पायांत घुंगरू घातले की सतत छुमछुम चालू राहते, चूक लपते आणि अचूकपणाही लपतो. चाळ बांधण्यातही एक काळजी घ्यावी लागते. आधी घोट्यावर सुती पट्टी गुंडाळायची, मग तिच्यावर चाळ आवळायची. उघड्या कातडीवर बांधली तर घामाने खाली सरकते, घोट्याचं हाड सोलते आणि दुसऱ्या मिनिटाला नाचणारा तो पाय नकळत हलका टाकू लागतो. रंगीत तालमीला चाळ न बांधता ऐन चित्रीकरणात पहिल्यांदा बांधली, तर उजव्या-डाव्या पायाच्या वजनातला फरक अंगवळणी पडलेला नसतो आणि गिरकी घेताना तोल एका बाजूला जातो.

हा झणत्कार घरी आम्हाला ऐकूच येत नाही, ही वेगळी गोष्ट. वाजत असते आधी ध्वनिमुद्रित केलेली ढोलकी, वरून सिंथेसायझर. पाय त्या मुद्रित ठेक्याच्या किंचित पुढे-मागे पडतात, ते कानाला खटकतं, म्हणून मिक्सिंगमध्ये पायांचा आवाज खाली ओढला जातो. ढोलकी प्रत्यक्ष वाजली तर हा प्रश्न येत नाही, कारण वाजवणारा नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहत असतो आणि पाय जड पडू लागले की थाप सांभाळून घेतो. एक ढोलकी, एक झांज आणि झिलेला तीन माणसं एवढं पुरे आहे. जमिनीलगत दोन माईक ठेवा. जाखडीपुरता ड्रम पॅडचा थर काढून टाका, कारण त्याचा खालचा घुमारा ढोलकीच्या धुमाला, म्हणजे जड आवाजाच्या बाजूला, गिळतो.

जमिनीचाही विचार व्हावा. अंगण सारवलेलं असतं, टाच आपटली तर माती थोडी झेलते. तुमच्या चकचकीत एलईडी फरशीवर अनवाणी पाय घामाने घसरतो. टाच आपटायची भीती बसल्यामुळे मुलं तळव्याच्या पुढच्या भागावर नाचतात आणि सगळा नाच जमिनीपासून दोन बोटं वर तरंगत राहतो. त्या एका नाचापुरता प्लायवूडचा गोल तक्ता, खाली रबराची चटई, एवढं अंथरलंत तर फरक पहिल्या पावलाला कळेल.

वेळेबद्दल आम्ही अडून बसत नाही. रात्रभराची बारी, म्हणजे दोन पक्षांचा सामना, तीन मिनिटांत मावणार नाही, हे मान्य. पण ती तीन मिनिटं तुम्ही सगळीच शेवटच्या द्रुत भागाला देता. चढत गेलेला वेग आणि सुरुवातीपासूनच पळणारा वेग यांत फार फरक आहे. पहिली ४० सेकंदं गणाला द्या, संथ. मग एक मिनिट गवळणीची चाल. त्यानंतर सवाल-जवाबाची चुणूक, जिथे गायक खरोखर एकमेकांना डिवचतात आणि कडं जागच्या जागी ठेका धरून ऐकतं. शेवटची ३०-४० सेकंदं द्रुत ठेवा. झील उचलली जाते तेव्हा पायांना श्वास मिळतो. ती झील कापली तर दीड मिनिटात मुलं दमतात, खांदे वर चढतात आणि कंबरेतलं वाकणं बंद होतं. ‘मुलांची एनर्जी शेवटी कमी पडली’ असा शेरा येतो तेव्हा दोष बहुतेक वेळा मुलांचा नसतो, संगीत कापणाऱ्याचा असतो. कपड्यांवरच्या चमकीबद्दल मात्र आम्ही काही म्हणणार नाही. गावच्या मंडळांतही आता चमकी आली आहे, आणि दिव्याखाली ती छान दिसते.

कोळीनृत्यं तुमच्याकडे जास्त होतात, प्रेक्षकांनाही आवडतात. त्यातल्या बायकांचं लुगडं आणि पुरुषांचा सुरका (कमरेला बांधायचा रुमाल) हल्ली बरेचदा नीट नेसवलेला असतो, हे आवर्जून सांगतो. अडचण कामाच्या हालचालींत आहे. वल्हं हातात आलं की ते लेझमीसारखं हवेत फिरवलं जातं. वल्ह्यामागे पाणी असतं आणि पाणी जड असतं. वल्हं पाण्यात घालताना अंग पुढे झुकतं, हात सरळ असतात. ओढताना आधी पाय रोवले जातात, मग पाठ मागे जाते आणि हात शेवटी वाकतात. टीव्हीवर हात आधी वाकतात, पाठ ताठच राहते, म्हणून ती ओढ खोटी वाटते. तालमीत वल्ह्याच्या टोकाला रबरी पट्टा बांधून तो दुसऱ्याला धरायला लावा. चार दिवसांत अंगाला क्रम कळेल, मग पट्टा काढा.

डोक्यावरच्या पाटीचंही तेच आहे. थर्माकोलची रिकामी पाटी दोन्ही हातांनी धरून मुरडणारी मुलगी मासळी विकायला निघालेली वाटत नाही. भरली पाटी डोक्यावर असली की मान स्थिर राहते, हनुवटी थोडी आत जाते, नजर लांब जाते, आणि सगळी हालचाल कंबरेखाली उतरते. ती कंबरेची चाल दाखवण्यापुरती नसते, वजन तोलण्यासाठी असते. तालमीला पाटीत तीन-चार किलो वाळूची पिशवी ठेवा. सादरीकरणाला ती काढली तरी मान विसरणार नाही.

पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, फेकण्याची हालचालही अशीच. जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या असतात, म्हणून ते फेकताना कंबरेतून अर्धी गिरकी घ्यावी लागते, तेव्हाच ते हवेत गोल उघडतं. मनगटाने भिरकावलेलं जाळं गोळा होऊन पडतं, आणि स्टेजवर ते तसंच पडताना दिसतं. आणखी एक सुचवतो. मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात, त्यात एक तयार नृत्यरचना आहे. जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर लांब अंतरावर असतात, माणसांच्या दोन रांगा दोर ओढत मागे मागे सरतात आणि ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींजवळ येत जातात. ओढ एकत्र, विसावा एकत्र. शेवटी मधे जाळं आणि भोवती सगळी माणसं. ही रचना टीव्हीच्या स्टेजवर आम्ही अजून पाहिलेली नाही. कुणीतरी ती बसवावी, फार मोठी दाद मिळेल.

दशावताराबद्दल एक मूळचा गैरसमज आहे. नाव दशावतार, म्हणून मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार दोन मिनिटांत, शेवटी मानवी मनोरा, धूर आणि शंख. सिंधुदुर्गातल्या जत्रांत रात्री उभा राहणारा दशावतार असा नसतो. सुरुवातीला आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासूर. मग एक आख्यान, पुराणातली एकच गोष्ट, पहाटेपर्यंत. संवाद लिहिलेले नसतात, ते तिथेच सुचतात. रंगभूषा नट स्वतःच करतो. मधे एक लाकडी बाकडं असतं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण या कलावंतांबद्दलच आहे, कारण पूर्वी पेटारा वाहत पुढच्या गावी चालत जाणारेही तेच असत. दशावतारी नट सुधीर कलिंगण यांना लोकांनी ‘लोकराजा’ म्हटलं, ते अशा बाकड्यासमोर उभं राहून मिळवलेलं नाव.

तुमच्या स्पर्धेला यातून हवं ते नृत्य तिथे आहेच. युद्ध घ्या. दोन योद्धे बाकड्याभोवती फिरतात, पखवाजावर बोल पडतात, गिरक्या वाढत जातात, तलवारींचा खणखणाट झांजेशी जुळतो. मधेच दोघे थांबतात, एकाचं आव्हान, दुसऱ्याचं उत्तर, आणि पखवाज पुन्हा उचलतो. यातलं थांबणं काढलं तर नुसती मारामारी उरते. बसवताना होणारी मोठी चूक म्हणजे मुकुट हलका आणि सैल असणं. गिरकीत तो उडू नये म्हणून मुलगा मान आखडतो आणि गिरकी खांद्यांतून घेतो, म्हणजे तोल गेलाच. मुकुट कपाळावर घट्ट आवळून बांधावा, आत सुती पट्टी द्यावी, आणि गिरकी टाचेवर न घेता चवड्यावर घ्यावी. दहा अवतार दाखवायचा मोह सोडून एका आख्यानातलं एक युद्ध, एक बाकडं आणि एक पखवाज एवढंच ठेवून पाहा.

याच संदर्भात एक गोष्ट आम्हाला खरोखर लागते. दशावतारात स्त्रीभूमिका पुरुष करतात, शिमग्याच्या खेळ्यांत गोमू, म्हणजे नाचणारी बाई, पुरुषच असतो. स्टेजवर साडी नेसलेला मुलगा आला की सूत्रसंचालक त्याची थट्टा करतो, एखादा परीक्षक हसत त्याच्यासोबत ठुमका मारायला येतो. दशावतारातली चांगली स्त्रीभूमिका पाहताना जत्रेतल्या बायका डोळ्यांना पदर लावतात. पदर सावरणं, बसताना गुडघे जुळवून एका बाजूला वळणं, चालताना पाऊल आखूड टाकणं, हे वर्षानुवर्षांचं शिक्षण आहे. त्या मुलाला गुण द्या किंवा कापा, पण त्याच्या पदन्यासावर बोला.

शिमग्यातल्या संकासुराचंही थोडक्यात. काळा वेष, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरू. टीव्हीवर लाल प्रकाशात तो भुतासारखा उभा केला जातो. पोरं त्याला घाबरतात आणि त्याच्याच मागे गावभर पळतात, असं ते पात्र आहे. त्याची चाल कमरेतून येते, कारण वाजायला हवे ते घुंगरू तिथे आहेत. हातवारे करणारा आणि कंबर न हलवणारा संकासूर मुका राहतो. पालखी नाचवण्याचा प्रसंग घ्यायचाच असेल तर देवाची रूपं (पालखीतले मुखवटे) तेवढी स्टेजवर आणू नका, ही विनंती. आणि रिकामी, पुठ्ठ्याची पालखी वर-खाली उडवू नका. जड पालखीखाली गुडघा थापेच्या आधी वाकतो, वजन खाली बसतं, मग थापेवर खांदा वर येतो. हलकी पालखी थापेवरच उडते, म्हणून ती पाळण्यासारखी दिसते.

फुगडीबद्दल मात्र काळजीने लिहीत आहोत, कारण त्यात मुली पडतात. दोघींची पावलं मधे एकमेकींना चिकटून असतात, ती जागा म्हणजे आस. हात तिढा घालून धरलेले, कोपर सरळ, अंग मागे सोडलेलं. दोघींनी सारखं मागे झुकलं तरच आस जागेवर राहते. एकीने भीतीने कोपर वाकवलं की आस जागेवरून सरकते आणि फेरा लंबगोल होतो. म्हणून जोडी वजनाने जुळती निवडा. उंचीतला थोडा फरक चालतो, वजनातला चालत नाही. वजनात फरक असेलच तर जड मुलीने कमी झुकायचं. तळवे कोरडे हवेत, हात धरण्याआधी घाम पुसायला पाच सेकंदं द्या. बांगड्या काचेच्या नकोत. फेरा थांबवताना हात सोडून बाजूला होणं ही टीव्हीची पद्धत अतिशय धोक्याची आहे. आधी पावलं संथ करत वेग उतरवायचा, मगच कोपर वाकवून जवळ यायचं. आणि पकवा ऐकू येऊ द्या. तोंडाने घातलेली ती ‘फू’ म्हणजे मुलींचा ताल आहे, तिच्यावरून वेग वाढवायचा की नाही ते दोघींना एकाच वेळी कळतं. वरून मोठ्याने गाणं वाजवलं की ती ‘फू’ बुडते आणि एक मुलगी दुसरीच्या पुढे पळते.

पालघरकडच्या तारप्याबद्दल, म्हणजे तारपा हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याभोवती होणाऱ्या नाचाबद्दल, एवढंच: नाचणारे तारपावाल्याकडे पाठ करत नाहीत. त्याला स्टेजच्या कोपऱ्यात उभा करून नाचणाऱ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे वळवली तर तो नाच उलटा होतो.

निवेदनातही एक दुरुस्ती हवी. रत्नागिरीची जाखडी मालवणीत पेश करू नका. तिथली बोली संगमेश्वरी, सिंधुदुर्गची मालवणी, रायगडच्या किनाऱ्यावर आगरी-कोळी. ‘गो बाय’ म्हटलं की कोकण झालं, असं होत नाही. संहिता लिहिणाऱ्याने त्या तालुक्यातल्या एका माणसाला ती एकदा वाचून दाखवली तरी पुरे.

गुणांसाठी आमची सूचना अशी. लोकनृत्याला १० पैकी गुण देताना ३ गुण कड्याच्या किंवा रचनेच्या शिस्तीला ठेवा, ३ पायाच्या ठेक्याला, २ वेग चढवण्याला, १ वेषाच्या वापराला आणि १ गायक-वादकांशी जुळण्याला. कसरतीला वेगळे गुण नकोत. आज जाखडीत कुणी कोलांटी मारली की सगळ्या खुर्च्या उभ्या राहतात, म्हणून पुढच्या पर्वात प्रत्येक गट कोलांटी घालतो, आणि ती घालायला कडं फोडावंच लागतं.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. कोकणातल्या निवड चाचण्या गणपतीत आणि शिमग्यात ठेवू नका. त्या दिवसांत खरे नाचणारे आणि वाजवणारे गावात बांधलेले असतात, आणि तुमच्यापुढे येतात ते सुट्टीत शिबिरातून शिकलेले. आणि पडद्यावर खालच्या पट्टीत नृत्यदिग्दर्शकाच्या नावाशेजारी ढोलकी किंवा पखवाज वाजवणाऱ्याचंही नाव द्या, तितक्याच मोठ्या अक्षरांत.

पुढच्या पर्वासाठी जाखडी बसवायची असेल, चाळ बांधून दाखवायला माणूस हवा असेल किंवा रापणीचे दोर कसे धरतात ते पाहायचं असेल, तर इकडे या. गणपतीआधीच्या तालमी रात्री जेवणानंतर सुरू होतात आणि अंगणात बसायला कुणालाही मज्जाव नसतो.

कळावे, लोभ असावा.

आपले,
कोकण किनाऱ्यावरचे काही प्रेक्षक, नाचणारे आणि वाजवणारे